जबड्याचा सांधा दुखतोय, दात आवळले जातायत: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी उठल्यावर कानशिलं जड, भाकरीचा पहिला घास चावतानाच कानापुढे कळ, आरशात पाहिलं तर जिभेच्या कडेला दातांचे वण. अशा तक्रारी घेऊन आमच्याकडे येणारी माणसं बहुतेक तेच प्रश्न विचारतात, आपापल्या शब्दांत. ते इथे एकत्र केलेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचावं, बाकीचं लागेल तसं.

कोणत्या जबडादुखीत घरी थांबायचं नाही?

जोतिबाच्या पायऱ्या चढताना किंवा भरभर चालताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, असं होत असेल तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत न दुखताही जबड्यात कळ येते. सोबत घाम, दम, छातीवर दडपण असेल तर दाताच्या डॉक्टरकडे न जाता १०८ ला फोन करा.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशिलात दुखायला लागलं, डोक्याला फणी लावली तरी दुखतं, घास चावता चावता जबडा थकतो किंवा नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोक्याच्या रक्तवाहिनीला सूज येणारा एक आजार असा सुरू होतो आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. ताप, गालावर किंवा हनुवटीखाली वाढती सूज, गिळायला त्रास ही दाताच्या पूची लक्षणं असू शकतात. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा घट्ट बसत चालला तर धनुर्वाताचा विचार करावा लागतो. आणि जांभई देताना उघडलेलं तोंड मिटतच नसेल तर घरातल्या कुणी ते दाबून बसवायचा प्रयत्न करू नये. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात सांधा जागेवर बसवून देतात.

हा सांधा असतो कुठे?

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं तो हाच सांधा. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्यामुळे एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. प्रत्येक सांध्यात कुर्च्याची एक चकती असते. तोंड उघडताना खालचं हाड आधी जागेवर फिरतं, मग चकतीसह पुढे सरकतं. त्याला चालवणारे मोठे स्नायू गालात आणि कानशिलावर आहेत. बहुतेकांचं दुखणं सांध्यापेक्षा या स्नायूंचंच असतं, आणि त्यातून आराम मिळणं सोपं असतं.

कानाच्या डॉक्टरांनी कान साफ असल्याचं सांगितलं. मग कानात दुखतं कसं?

सांधा आणि कान अगदी खेटून आहेत आणि दोघांच्या नसांची वाट बरीचशी एक आहे, त्यामुळे मेंदूला जागा नीट ओळखता येत नाही. कान भरल्यासारखा वाटणं, बारीक आवाज येणं हेही काहींना होतं. १९३४ साली जेम्स कोस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने हा संबंध मांडला. मागचे दात पडले की चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची जुळणी, बिघडतो आणि सांधा दाबला जातो, असं कारण त्याने दिलं होतं. ते पुढे टिकलं नाही. तरी 'चावा बिघडला म्हणून सांधा दुखतो' हे समीकरण अजून ऐकायला मिळतं, आणि त्यापायी चांगले दात यंत्राने घासून कमी करून घेतलेले रुग्ण आम्हाला भेटतात. त्याबद्दल पुढे येईलच.

मी दात आवळत नाही हो. आवळत असतो तर मला कळलं नसतं का?

बहुधा नाही. जाग्या माणसाचं दात आवळणं ही नकळत होणारी गोष्ट आहे. गिऱ्हाईक पैशावरून घासाघीस करत असतं, मुलगी गणित तिसऱ्यांदा चुकवते, पटाकडील तालमीविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात आपल्या तालमीचा गोल हुकतो, आणि जबडा मिटून घट्ट होतो. हुपरीचा चांदी कारागीर बारीक काम करताना मान घालून बसतो तेव्हा त्याचे दात एकमेकांवर असतात. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांचंही तेच.

ओठ मिटलेले असले तरी दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असणं ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. वरचे-खालचे दात चावताना आणि गिळताना टेकतात, एरवी टेकायचं त्यांना कारण नाही. दिवसाचा हिशोब केला तर निरोगी माणसाचे दात मोजून काही मिनिटंच एकमेकांना लागतात. तासन् तास हलकेच टेकवून ठेवले तरी स्नायू दमतात, जोर लावलाच पाहिजे असं नाही. हे ऐकून लोक चकित होतात, कारण दात टेकवून ठेवणं हीच तोंड मिटण्याची रीत असं त्यांना आयुष्यभर वाटत असतं.

यावर आम्ही सांगतो तो उपाय टिकल्यांचा. घरात टिकल्यांचं पाकीट असतंच. एक मोबाईलच्या मागे, एक कॉम्प्युटरच्या कडेला, एक गाडीच्या मीटरवर, एक गॅसच्या ओट्यासमोर लावा. टिकली दिसली की तपासा: दात टेकलेत का? टेकले असतील तर सोडा, खांदे खाली टाका, नाकाने एक लांब श्वास घ्या. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक वेळी दात टेकलेलेच सापडतील. टिकल्या नजरेच्या सवयीच्या झाल्या की त्यांच्या जागा बदला. गोळ्या आणि यंत्रं यांच्या आधी आम्ही हे मनापासून करायला लावतो, कारण दिवसाचे पंधरा-सोळा तास तुमच्या हातात असतात.

आमचे हे रात्री दात खातात, करकर ऐकून माझी झोप मोडते. त्यांना सांगितलं तर खोटं म्हणतात.

तुमच्यावर आमचा विश्वास आहे. झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला पत्ता नसतो, शेजारी झोपणारं माणूसच खरा साक्षीदार. झोप क्षणभर उथळ होते तेव्हा हे घडतं. दात खाणाऱ्या सगळ्यांचा जबडा दुखतोच असं नाही. २०१८ साली या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एकत्र येऊन असंही म्हटलं की निरोगी माणसाचं दात खाणं हा मुळात आजार मानू नये, ती एक वागणूक आहे आणि काहींच्या बाबतीत तिचा त्रास होतो.

दात झिजून सपाट झालेत का, भरलेली जागा वारंवार फुटते का, सकाळी जबडा आखडतो का, हे पाहा. आणि ते घोरतात का? घोरता घोरता श्वास अडकून दचकतात, दिवसा पेंगतात, असं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी आधी करायला हवी. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू यांचाही झोपेतल्या दात खाण्याशी संबंध दिसून आलेला आहे. रात्री दहाला गंगावेशीत चहा घेऊन अकराला झोपणाऱ्याने तो चहा आधी सोडावा, मग नाइट गार्डची, म्हणजे झोपताना दातांवर बसवायच्या साच्याची, चौकशी करावी.

डिप्रेशनची गोळी सुरू झाल्यापासून दात आवळायला लागलेत. गोळी बंद करू?

स्वतःहून अजिबात नको. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या गटातल्या औषधांनी काहींना हे होतं. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना सांगा. मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येतं.

म्हणजे हे सगळं टेन्शनचं दुखणं? माझ्या मनाचे खेळ?

दुखणं खरंच स्नायूत आणि सांध्यात असतं. ताण त्याला चढवतो आणि लांबवतो, एवढाच त्याचा वाटा. वीस ते चाळीस वयात हा त्रास जास्त दिसतो, पुरुषांपेक्षा बायकांना साधारण दुपटीने. झोप कमी, मान अवघडलेली, आधीच डोकेदुखीचा त्रास अशी माणसं यात लवकर अडकतात. ताणावर बोलण्याचे उपचार हे जुन्या जबडादुखीवरच्या सर्वांत चांगल्या पुराव्याच्या उपायांपैकी आहेत, म्हणून समुपदेशकाकडे पाठवलं तर 'मला वेडा ठरवलं' असा अर्थ काढू नका. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आहे.

तोंड उघडताना कट् आवाज येतो. सांधा झिजला का?

दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर आवाजाकडे दुर्लक्ष करा. चकती जागेवरून थोडी सरकून परत बसते त्याचा तो आवाज, आणि कितीतरी निरोगी माणसांचा जबडा तसा वाजतो. पुन्हा पुन्हा वाजवून मात्र पाहू नका. कट् ऐवजी वाळू चुरडल्यासारखी करकर असेल आणि दुखत असेल तर संधिवाताच्या दृष्टीने तपासून घ्या. पूर्वी वाजायचा, एक दिवस आवाज बंद झाला आणि तोंडही अर्धंच उघडायला लागलं, तर तेही लवकर दाखवायचं. चकती पुढे अडकलेली असू शकते.

तोंड उघडतच नाही नीट. दुखत नाही फारसं. मावा खातो कधीमधी.

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी, दारात उभं राहून विचारतात, आणि आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपली तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. दोनच बोटं जात असतील, तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, गालाच्या आतून चामडीसारखे पांढरट पट्टे हाताला लागत असतील, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नसेल, तर बहुधा हा सांध्याचा आजार नाही. सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा आखडत जाते, तिला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. दोष सुपारीचा आहे. त्यामुळे 'तंबाखू नाही, नुसती सुगंधी सुपारी खातो' हा बचाव चालत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर मावा घोटायला लागते ती सुपारी कुठे मिळत नाही?

या आजारातून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. आखडलेलं पूर्ववत होत नाही, पण सुपारी आज सोडली तर वाढ रोखायची संधी असते, आणि व्यायाम, औषधं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी तोंड थोडं जास्त उघडतं. नाइट गार्डचा इथे काडीचाही उपयोग नाही. महिनोन् महिने 'सांध्याचं आहे' म्हणून शेक घेत बसणं हे यातलं सर्वांत मोठं नुकसान.

खायचं काय? मटण बंद करायचं का?

मटण बंद नाही, हाडं फोडणं बंद. दुखणं जोरात असेल तेव्हा दोनेक आठवडे जबड्याला हलकं काम द्या. खिमा चालतो, नीट शिजलेलं मऊ मटण चालतं, पांढरा रस्सा तर वाटीला तोंड लावून प्यायचीच गोष्ट. नळी ओढत बसू नका. भाकरी आमटीत कुस्करून खा, पिठलं-भात, मऊ खिचडी, आंबील, सांजा यात काही अडचण नाही. मिसळीचं लोक विचारतात: कटात फरसाण भिजू द्या, पाव बुडवून खा.

ऊस हा आपल्याकडचा खरा खलनायक. गळिताच्या दिवसांत शेतावर गेलं की कांडं दाताने सोलून चावण्याचा मोह आवरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जबडा धरतो. सोलायला जोर, चावायला जोर, तोही एकाच बाजूने. सांधा दुखत असेल तर गुऱ्हाळावर रस प्या. भडंग, फुटाणे, चिक्की, कडक सुपारी आणि च्युइंग गम यांना सुट्टी द्या. भडंगाची अडचण अशी की तो मूठभर खाऊन कुणी थांबत नाही, आणि तासभर चावणं चालू राहतं. वडा किंवा सफरचंद मोठा आ करून तोडू नका, तुकडे करून खा. घास दोन्ही बाजूंनी चावा.

दोन आठवड्यांनी हळूहळू नेहमीच्या जेवणावर या. महिनोन् महिने पातळ खाऊन जबडा आणखी अशक्त आणि आखडलेला होतो.

घरच्या घरी कोणता व्यायाम करू?

सुरुवात विश्रांतीच्या स्थितीपासून. 'न' म्हणताना जीभ टाळूला टेकते, तिथे ती हलकेच ठेवा. दात सुटे, ओठ मिटलेले, श्वास नाकाने. आता जीभ तिथेच ठेवून आरशासमोर हनुवटी सरळ रेषेत खाली न्या आणि परत आणा. जीभ टेकलेली असल्यामुळे तोंड आपोआप मर्यादेत उघडतं. सहा वेळा, दिवसातून सहा वेळा; प्रत्येक फेरीला मिनिटभर पुरतं.

गालाच्या स्नायूंना मालीश करायची तर एकदा दात दाबून पाहा, गालावर जो गोळा टणक होतो तो स्नायू. दात सोडा आणि दोन बोटांनी त्यावर गोल गोल दाबत फिरवा, दोन मिनिटं. तसंच कानशिलावर. दाबताना गोड दुखलं तर चालेल, कळ आली तर दाब कमी करा. जांभई येताना जीभ टाळूला दाबून धरा किंवा मूठ हनुवटीखाली लावा.

मान विसरू नका. फोन खांदा आणि कान यांच्यात धरणं, तासन् तास मान घालून मोबाईल बघणं, हनुवटी हातावर टेकवून बसणं, पालथं झोपणं, हे जबड्यापर्यंत पोचतं.

शेक द्यायचा की बर्फ? गोळी कोणती?

आखडलेल्या स्नायूला गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नुकताच मार लागला असेल किंवा सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. चार दिवसांपुरतं पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. आयबुप्रोफेन जेवणानंतरच, आणि पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेडिकलमधून 'दुखण्याची आणि स्नायू सैल करायची' अशी दुहेरी गोळी महिनाभर खात राहणं आम्हाला मान्य नाही.

नाइट गार्ड लावला की बरं होतं ना?

गार्ड दातांना वाचवतो. चारचाकीच्या बंपरसारखा तो मार स्वतःवर घेतो, गाडी कशी चालवायची हे ड्रायव्हरला शिकवत नाही. दात झिजत असतील, कॅप आणि भरलेल्या जागा फुटत असतील तर तो जरूर करून घ्या. दुखण्याचं म्हणाल तर काहींना आराम पडतो, काहींना फरक नाही. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०२३ मध्ये तीन महिन्यांहून जुन्या जबडादुखीवर मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी, दुखऱ्या गाठींवर दाब, मनाच्या ताणावरची थेरपी आणि घरगुती काळजी यांची जोरदार शिफारस आहे. काढ-घाल करायच्या स्प्लिंटची, म्हणजे नाइट गार्डसारख्या साच्यांची, मात्र नाही.

करायचाच तर मापाचा, टणक, सगळ्या दातांवर बसणारा करा. ऑनलाईन मिळणारा गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड काहींना आणखी चावायला लावतो. पुढच्याच काही दातांवर बसणारा प्रकार बराच काळ वापरला तर दात सरकू शकतात. गार्ड गार पाण्याने आणि ब्रशने धुवा. गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो.

बोटॉक्स घेऊ का? एकाने सांगितलं चावा घासून ठीक करू.

बोटॉक्सने स्नायूचा जोर तीन-चार महिने कमी होतो, मग परत येतो. वारंवार घेतल्यास जबड्याच्या हाडाबद्दल शंका आहेत. वरच्या सूचनांमध्येही त्याच्या बाजूने कौल नाही. व्यायाम आणि फिजिओथेरपी नीट करूनही काही झालं नाही तरच विचार करा.

चावा घासणं, सांधा बरा व्हावा म्हणून सगळ्या दातांना कॅप घालणं, त्यासाठीच ब्रेसेस लावणं: इथे आमचं मत स्पष्ट आहे. जे परत फिरवता येत नाही ते दुखण्यासाठी आधी करू नका. दात वेडेवाकडे असतील तर ब्रेसेस खुशाल लावा, सांध्याच्या नावाने नको. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

एमआरआय काढायला सांगितलाय. लागतो का?

बहुतेकांना नाही. हाताने तपासून आणि नीट विचारून निदान होतं. दाताचा मोठा एक्स-रे इतर कारणं वगळायला उपयोगी पडतो. एमआरआयमध्ये चकती दिसते खरी, पण काहीही न दुखणाऱ्या अनेकांची चकतीही सरकलेली दिसते, त्यामुळे रिपोर्ट वाचून घाबरणंच जास्त होतं. तोंड अडकलं असेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर तो काढावा.

आठ वर्षांचा मुलगा झोपेत दात खातो. आजी म्हणते जंत झालेत.

मुलांमध्ये हे फार आढळतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयाबरोबर थांबतं. जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध पक्का ठरलेला नाही. जंताची गोळी शाळा-अंगणवाडीत जंतनाशक मोहिमेत मिळतेच, ती घ्यावी, पण दात खाणं त्याने थांबेल ही अपेक्षा नको. घोरणं, तोंडाने श्वास, वाढलेले टॉन्सिल याकडे लक्ष द्या. हनुवटीवर पडल्यानंतर मुलाचं तोंड कमी उघडायला लागलं तर मात्र उशीर करू नका. सांधा जुळून बसला तर चेहऱ्याची वाढ वाकडी होते.

तालमीत मेहनत करतो, जिममध्येही जातो. वजन उचलताना दात आवळलेच जातात.

जोर लावताना आवळले जाणं स्वाभाविक आहे. उचलताना श्वास सोडा आणि सेटच्या मधे जबडा सैल करा. कुस्तीत हनुवटीला मार बसतो, म्हणून मापाचा माऊथगार्ड वापरा. दुखणं असेपर्यंत मानेवर जोर येणारे डाव आणि पूल वस्तादांना सांगून थांबवा.

कोल्हापुरात आधी कुणाला दाखवू, आणि काय सांगू?

नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. किडलेला दात, अक्कलदाढ, हिरडी यांचं दुखणं आधी वगळायला हवं. गाल आणि कानशिलाचे स्नायू दाबून पाहणारे आणि तोंड किती उघडतं ते मोजणारे डॉक्टर असतील तर उत्तम. पुढे गरज पडली तर दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिन असा स्वतंत्र विभाग असतो. आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. जबड्याचे सर्जन आणि मान-जबड्याचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट शहरातही आहेत.

जाताना चालू औषधांची चिठ्ठी न्या. दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी हे आठवून ठेवा: सकाळी असेल तर संशय झोपेवर, संध्याकाळी असेल तर दिवसाच्या सवयीवर. शेजारी झोपणाऱ्यालाही सोबत घेऊन गेलात तर बरं.

किती दिवसांत आराम पडेल?

स्नायूंचं दुखणं नियमाने व्यायाम आणि सवय बदलली तर काही आठवड्यांत हलकं होतं. परीक्षा, लग्नसराई, मार्चअखेर अशा दिवसांत ते पुन्हा डोकं वर काढतं; तेव्हा टिकल्या परत लावायच्या, आठवडाभर मऊ खायचं आणि शेक सुरू करायचा. तीन महिने हे सगळं मन लावून करूनही फरक नसेल तर निदानच पुन्हा तपासून घ्या.